गर्भारपणाचा पहिला दिवस



आपल्या प्रत्येकाची जन्मतारीख कुठे ना कुठे नोंदलेली आहे. आपण आईच्या पोटात कोणत्या दिवशी आलो, याची नोंद मात्र जवळजवळ कुणाचीच नाही. तरीही त्या दिवसावर फार मोठ्या गोष्टी ठरतात. वेळेआधी कळा सुरू झालेल्या बाईला बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन द्यायचं का, तारीख उलटलेल्या बाईला कळा आणायच्या की थांबायचं, नोकरदार बाईची बाळंतपणाची रजा कधीपासून धरायची, गर्भपात कायद्यात बसतो का, आणि काही घरांत तर पोटातलं मूल कुणाचं? या सगळ्याची उत्तरं 'किती आठवडे झाले?' या एका आकड्यातून काढली जातात. आज मला त्या आकड्याबद्दल बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गर्भारपणाची सुरुवात म्हणून आपण जी तारीख लिहितो ती माणसांनी सोयीसाठी ठरवलेली आहे. ती बाईच्या आठवणीवर उभी असते, लवकर केलेल्या सोनोग्राफीनं ताडून पाहता येते, आणि एकदा नीट ठरली की सहसा बदलायची नसते. एवढं घरोघरी माहीत झालं तर काही बाळांचा जीव वाचेल आणि काही बायकांचा छळ टळेल.

दवाखान्यात गर्भारपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. तिथून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे पुरे झाले की प्रसूतीची अपेक्षित तारीख. हिशेब सोपा आहे. पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जाऊन पुढचं वर्ष धरायचं. 2024 साली गौरींचं आवाहन 10 सप्टेंबरला होतं. त्या दिवशी जिची पाळी सुरू झाली तिची तारीख निघते 17 जून 2025. मोजून पाहा, बरोबर 280 दिवस भरतात. हा नियम हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ कार्ल नेगेले यांच्या नावानं ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी तो शिकवला, आणि त्यामागचं निरीक्षण त्यांच्याही आधीच्या शतकात लायडनच्या हेरमान बूरहावे यांनी मांडलं होतं.

त्या काळी स्त्रीबीज महिन्यातल्या कोणत्या दिवशी सुटतं, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. सस्तन प्राण्यांचं स्त्रीबीज मुळात पहिल्यांदा ओळखलं ते कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांनी, 1827 साली. ते पुढची पाळी येण्याआधी साधारण 14 दिवस सुटतं, हे जपानचे क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेरमान क्नाउस यांनी 1920 च्या दशकात आपापल्या परीनं दाखवलं. तोवर पाळीपासून मोजायची रीत सगळीकडे रुळली होती, आणि ती रुळली यात नवल नाही. बीज सुटलेलं बाईला दिसत नाही, फलन झालेलं जाणवत नाही, गर्भ रुजलेला कळत नाही. या सगळ्या क्रमात तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते ती फक्त पाळी.

आता आत काय घडतं ते पाहू. पाळी 28 दिवसांची असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्रजंतू मात्र बाईच्या शरीरात पाचेक दिवस तग धरू शकतात. अमेरिकेत अ‍ॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवं असलेल्या बायकांचे लघवीचे नमुने रोजच्या रोज तपासले. 1995 साली त्यांनी दाखवलं की गर्भ राहतो तो सहा दिवसांतच: बीज सुटतं तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. पुढे 1999 साली त्यांनी गर्भ रुजण्याचे दिवसही मोजले. बीज सुटल्यानंतर सहा ते बारा दिवसांत, आणि बहुतेकींच्या बाबतीत आठव्या ते दहाव्या दिवशी, गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. तिथून पुढे लघवीच्या तपासणीत दोन रेघा उमटू शकतात. म्हणजे नवराबायको एकत्र आले तो दिवस, फलनाचा दिवस, रुजण्याचा दिवस आणि पाळी चुकल्याचा दिवस हे चार वेगळे दिवस आहेत. मोजणी मात्र यांतल्या एकाही दिवसापासून होत नाही. ती होते त्याही आधीच्या पाळीपासून.

याचा अर्थ असा, की कागदावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच. पाळी चुकते त्या दिवशी कागदावर चार आठवडे भरलेले असतात आणि गर्भ असतो दोन आठवड्यांचा. डॉक्टरांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की समोरच्याला ते सांगावं असं त्यांच्या ध्यानात येत नाही. आणि न सांगितल्यानं काय होतं, ते मी पाहिलं आहे.

नवं लग्न झालेली एक मुलगी सासूबाईंबरोबर आली होती. रिपोर्टवर छापलं होतं, सहा आठवडे. सासूबाईंनी रिपोर्ट हातात घेतला, बोटांच्या पेरांवर मोजलं आणि म्हणाल्या, "लग्नाला तर आत्ता कुठे महिना झाला." मुलगी खाली बघत पदराचं टोक पिळत बसली होती. मी केसपेपरच्या मागच्या बाजूला एक रेघ ओढली. एका टोकाला पाळीची तारीख लिहिली, पुढे लग्नाची, आणि विचारलं, "मावशी, मुहूर्त काढताना हिची अडचण मध्ये येऊ नये असं पाहिलं होतं ना?" त्या म्हणाल्या, "हो, मीच विचारलं होतं विहीणबाईंना." मग मी त्यांना दाखवलं, की अडचण टाळून काढलेला मुहूर्त दोन पाळ्यांच्या मधोमध पडला होता, म्हणजे नेमका बीज सुटण्याच्या दिवसांत. गर्भ चार आठवड्यांचाच होता. सहा हा आकडा त्याच पाळीपासून आला होता, जिची तारीख सासूबाईंनी स्वतः विचारून घेतली होती. त्या बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "चल, आधी काहीतरी खाऊन घे."

तिथे उलगडा झाला. सगळीकडे होत नाही. साताऱ्याकडचा जवान सुट्टीवर येऊन परत जातो, रत्नागिरीकडचा खलाशी बोटीवर चढतो, आखातातला नवरा वर्षातून एकदा घरी येतो. अशा घरांत लोक दिवस मोजतात, आणि रिपोर्टवरचे जास्तीचे दोन आठवडे बाईच्या चारित्र्यावर येऊन पडतात. प्रत्येक सोनोग्राफी केंद्रानं रिपोर्टवर मराठीत एक ओळ छापावी अशी माझी कळकळीची विनंती आहे: 'हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजलेले आहेत, गर्भधारणा साधारण दोन आठवड्यांनंतरची असते.' त्याला खर्च काही नाही.

कायद्यातही हा 280 चा आकडा फार पूर्वी आला. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 112 नुसार, विवाह संपुष्टात आल्यानंतर 280 दिवसांच्या आत जन्मलेलं मूल, आईनं पुन्हा लग्न केलेलं नसेल तर, त्याच विवाहातलं औरस मूल मानलं जाई. पतिपत्नींचा संबंध येणं शक्यच नव्हतं असं सिद्ध झालं तरच त्याला अपवाद. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच कलम 116 म्हणून आलं आहे. यात एक मोठी मोलाची गोष्ट आहे. फलनापासून जन्मापर्यंत सरासरी 38 आठवड्यांच्या आसपास लागतात. कायदा मात्र विवाह संपल्यापासून पूर्ण 280 दिवस देतो. त्यामुळे उशिरा जन्मणाऱ्या मुलालाही सवड मिळते, आणि शंकेचा फायदा मुलाच्या पदरात पडतो.

आता बाईच्या आठवणीकडे येते. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्या डॉक्टरबाई या भागात बाळंतपणं करत होत्या, तेव्हा इथे सोनोग्राफी नव्हती. त्यांच्या टेबलाजवळ या वर्षाचं आणि मागच्या वर्षाचं अशी दोन कालनिर्णय टांगलेली असत. शेवटची पाळी कधी, असं विचारलं की पेशंट तारीख क्वचितच सांगे. ती सांगे, "गौरी जेवायच्या दिवशी मी बाजूला होते, जावेनं सगळं केलं." किंवा, "घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी." किंवा, "संकष्टी झाली आणि लगेच." डॉक्टरबाई तो दिवस कॅलेंडरवर शोधत, तारीख लिहीत, आणि कंसात तिचे शब्दही जसेच्या तसे लिहीत. आपल्याकडच्या शिवाशिवीनं बायकांना फार दुखावलं आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ज्या दिवशी देवघराला हात लावायचा नव्हता तो दिवस बाईच्या मनावर कोरला जातो, आणि डॉक्टरबाईंनी ती आठवण तिच्याच बाळाच्या कामी लावली. पुढे त्याच पेपरवर पोटाची उंची आणि बाळ पहिल्यांदा हललं तो दिवस लिहिला जाई. पहिलटकरणीला ती हालचाल अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या सुमारास जाणवते, आधी बाळंतपण झालेलीला थोडी लवकर. तिन्ही नोंदी जुळल्या की तारीख पक्की.

सगळ्याजणींची तारीख अशी पक्की होत नाही. जिची पाळी 35 दिवसांची, तिचं बीज एकविसाव्या दिवशी सुटतं आणि हिशेब एका आठवड्यानं चुकतो. पाळी अनियमित असेल तर काहीच सांगता येत नाही. बाळ अंगावर पीत असताना पाळी सुरू व्हायच्या आधीच पुन्हा दिवस राहिले तर सांगायला तारीखच नसते. गर्भ राहिल्यावर सुरुवातीला थोडंसं लाल गेलं आणि तीच पाळी समजली, तर गर्भ एका महिन्यानं लहान वाटतो. आणि जी बाई दिवाळीच्या सुमारास मुकादमाबरोबर ऊसतोडीला जाते, ती फडावर पहाटेपासून मोळ्या बांधते. तिची पहिली तपासणी कधी कधी सातव्या महिन्यात, गावी परतल्यावर होते. तोपर्यंत आठवणही पुसट झालेली असते आणि तारीख ताडून पाहायची वेळही निघून गेलेली असते.

ही वेळ का निघून जाते, ते सांगते. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी 1958 साली ध्वनिलहरींनी पोटातलं पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच शहरात 1973 साली ह्यू रॉबिन्सन यांनी पहिल्या तिमाहीतल्या गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून वय सांगता येतं, हे दाखवलं. आठव्या आठवड्याला ही लांबी साधारण दीड सेंटिमीटर असते, बाराव्याला पाच-साडेपाच. या काळात गर्भ रोज मिलिमीटरभर किंवा त्याहून जास्त वाढतो, आणि सगळ्यांचे गर्भ जवळजवळ सारखेच वाढतात. बाजरीचं रोप पहिल्या दोन पानांवर असताना कोणत्याही शिवारात सारखंच दिसतं, जमीन आणि पाणी यांचा फरक पुढे दिसू लागतो. गर्भाचंही तसंच. म्हणून पहिल्या तिमाहीत सोनोग्राफीची चूक पाच-सात दिवसांपलीकडे सहसा जात नाही. सातव्या महिन्यानंतर ती दोन्ही बाजूंना तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते.

म्हणून नियम असा: पाळीची तारीख आणि लवकरची सोनोग्राफी जुळली तर पाळीची तारीख कायम. नवव्या आठवड्याच्या आत पाच दिवसांहून जास्त, किंवा त्यानंतर चौदाव्या आठवड्यापर्यंत सात दिवसांहून जास्त फरक पडला, तर सोनोग्राफीची तारीख धरायची. एकदा हे ठरलं की पुढची कोणतीही सोनोग्राफी तारीख बदलण्यासाठी वापरायची नाही.

इथेच आपल्याकडे रोज घोटाळा होतो. मशीन प्रत्येक वेळी त्या दिवशीच्या मापावरून नवी तारीख छापतं. घरचे म्हणतात, "पाचव्या महिन्यात पाच तारीख दिली होती, आता वीस म्हणतात." आणि सगळे निवांत होतात की अजून पंधरा दिवस आहेत. पण त्या पंधरा दिवसांचा खरा अर्थ असा असू शकतो, की बाळ वाढायचं थांबलं आहे. आईचं रक्त कमी असेल, रक्तदाब चढला असेल, वार नीट काम करत नसेल, तर बाळ बारीक राहतं. बारीक बाळाला मशीन लहान वयाचं म्हणतं. तारीख पुढे ढकलली की धोक्याची खूणच पुसली जाते, आणि ज्या बाळाला तातडीनं बाहेर काढायला हवं होतं ते पोटातच वाट पाहत राहतं. असं दगावलेलं बाळ हातात घेतलेली कोणतीही नर्स, कोणताही डॉक्टर ते विसरत नाही.

वेळेआधी येणाऱ्या बाळाचीही हीच कथा. 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी चार. त्यांनी बाळाची फुप्फुसं श्वासासाठी तयार होतात. औषध स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं. पण 33 आठवड्यांच्या बाईच्या कार्डावर 36 लिहिलेले असतील, तर ते कुणी देणार नाही. आपल्या देशातल्या गर्भांच्या मापांवरून वय काढायची सूत्रं बसवण्याचं कामही सुरू झालं आहे. गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात नोंदलेल्या गर्भवतींच्या मापांवरून फरीदाबादच्या संशोधन संस्थेनं आणि आयआयटी मद्रासनं उशिराच्या सोनोग्राफीसाठी नवं सूत्र तयार केलं. ते 2024 मध्ये जाहीर झालं. उशिरा येणाऱ्या बायकांसाठी असं काम फार मोलाचं आहे.

आता कुणी विचारेल, फलनाचा दिवस नक्की माहीत असेल तर? तशी वेळ मुंबईत आली. 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून देशातलं शास्त्रीय नोंदींनिशी मान्य झालेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. अशा गर्भारपणात फलन प्रयोगशाळेत, डोळ्यांदेखत होतं. फलनापासून 266 दिवस मोजले की तारीख येते. तरीही कार्ड भरताना त्यात मागचे 14 दिवस मिळवून 'शेवटच्या पाळी'ची तारीख लिहितात. मग त्या दिवशी पाळी आली असो वा नसो. कारण नर्सबाईंपासून शल्यचिकित्सकांपर्यंत सगळे एकाच मोजणीनं बोलले पाहिजेत, नाहीतर गर्भाच्या वयात दोन आठवड्यांची गल्लत होईल.

आणि सुरुवात अचूक कळली म्हणून शेवट अचूक कळतो असंही नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीज सुटण्याच्या दिवसापासून मोजलं, तेव्हा जन्मापर्यंतचा मधला आकडा निघाला 268 दिवस. वेळेआधी झालेल्या प्रसूती वगळूनही बायकाबायकांत पाच आठवड्यांचा फरक दिसला. चरकानं नवव्या महिन्यापासून दहाव्यापर्यंत प्रसूतिकाळ सांगितला, सुश्रुतानं तर बाराव्यापर्यंत. बाराव्या महिन्याचं आज कुणी मानणार नाही, पण प्रसूतीचा एक दिवस नसतो, काळ असतो, ही समज त्या दोघांकडे होती. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच. त्या तारखेच्या आधी चांगला मुहूर्त आहे म्हणून सिझेरियन करून घेणाऱ्या घरांना मी हात जोडून सांगते: वैद्यकीय कारण नसेल तर 39 आठवड्यांच्या आत बाळाला बाहेर काढू नका. त्याच्या फुप्फुसांना त्या दिवसांची गरज असते.

कायद्याच्या आठवड्यांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालातून 1971 चा गर्भपात कायदा आला. त्यात मर्यादा होती 20 आठवड्यांची. गर्भातली व्यंगं शोधणारी सोनोग्राफी होते अठराव्या ते विसाव्या आठवड्यात. म्हणजे हृदयातला दोष कळेपर्यंत मुदत संपलेली. 2008 साली मुंबईतलं एक दाम्पत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार याच कारणासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले. परवानगी मिळाली नाही, पण त्या खटल्यानं देशाला विचार करायला लावलं. 2021 च्या दुरुस्तीनं काही गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवड्यांवर नेली, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीनं त्याही पुढे.

मर्यादा लागते हे मला मान्य आहे. पण अत्याचाराला बळी पडलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पाच महिने कुणाला काही सांगू शकत नाही, आणि तिची पहिली सोनोग्राफी 24 आठवडे आणि दोन दिवस असं सांगते, तेव्हा त्या दोन दिवसांना किती वजन द्यायचं? त्या वेळच्या मापात दोन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतात, हे मंडळासमोर आणि न्यायालयासमोर स्वच्छ शब्दांत मांडलं गेलं पाहिजे. मापात जेवढी खात्री नाही तेवढी आपण त्याच्या अंगाला चिकटवू नये, आणि त्या खोट्या खात्रीचा भार मुलीवर टाकू नये.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत. जिथे जिथे आठवडे लिहाल तिथे ते कशावरून काढले हेही लिहा: पाळीवरून, की कितव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीवरून. आशाताईंनी पाळी चुकल्याबरोबर निश्चय किटनं तपासणी करावी आणि माता-बाल संरक्षण कार्डावर बाईच्या तोंडून तारीख घ्यावी, अंदाजानं पंधरा तारीख टाकू नये. ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक गर्भवतीची सोनोग्राफी टोळी हलायच्या आधी व्हावी, ही सरकारची आणि साखर कारखान्यांची जबाबदारी आहे. आणि घरातल्या मोठ्यांनी हे लक्षात ठेवावं, की आठवड्यांच्या आकड्यातून सुनेची परीक्षा होत नसते.

शेवटची विनंती इथे बसलेल्या आईवडिलांना. मुलगी वयात आली की तिला तारीख लिहून ठेवायला शिकवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, वहीत, मोबाइलमध्ये, जिथे तिला सोयीचं असेल तिथे. ती तारीख लपवायची गोष्ट नाही, हे तिला आईनं सांगावं आणि वडिलांनीही सांगावं. पुढे कधी तिला दिवस राहिले, तर पहिल्या तपासणीच्या टेबलावर सगळ्यात मोलाची माहिती तिच्याकडेच असेल. ती विचारा, तिच्यावर विश्वास ठेवा, आणि त्याच दिवशी लिहून घ्या.